टाचेची शीर आणि मुंबईची फुल मॅरेथॉन: प्रकल्प नोंदी

२३ सप्टेंबर २०२४, सोमवार

लिहून ठेवतेय, कारण नुसतं डोक्यात ठेवलं की महिन्याभराने सगळं सोयीचं तेवढंच आठवतं. तर प्रकल्प असा: १९ जानेवारी २०२५, मुंबई मॅरेथॉन, फुल, ४२.१९५ किमी. रजिस्ट्रेशन झालं. फुलला आधीच्या रेसचं टायमिंग सर्टिफिकेट लागतं, ते जोडलं. टार्गेट साडेचार तास. आठवड्याला चार रन, रविवारी लाँग.

अडचण एकच, मी साताऱ्यात राहते. इथे सपाट रस्ता शोधायला लागतो. गाव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला उतारावर वसलंय, राजवाड्याकडून पोवई नाक्याला गेलं की उतार आणि परत येताना चढ. जून ते सप्टेंबर तर आम्ही सगळे सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करतो, म्हणजे समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट, पाऊस, धुकं, आणि २१ किमीच्या रेसमधला निम्मा भाग निव्वळ चढ. पायांनी चार महिने घाटच खाल्लाय. आता सपाटीवरचं पळणं शिकायचंय.

उजव्या टाचेच्या वर जरा ओढल्यासारखं होतंय. नोंद करून ठेवते, बाकी काही नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार

आमचं मेडिकल खाली, घर वर. सकाळी जिना उतरायला लागले तर उजवा पाय वाकेचना, एकेक पायरी कठड्याला धरून तिरकं तिरकं उतरले. शटर उघडेपर्यंत थोडं मोकळं झालं, दहा वाजता तर काहीच नाही. काल कोरेगाव रोडला २२ किमी झाले, शेवटचे तीन जरा लंगडत.

बोटांनी चाचपून बघितलं, टाचेच्या हाडापासून चारेक बोटं वर, शिरेत एक फुगीर जागा आहे आणि चिमटीत धरली की ओय्. आत्यांनी (सासूबाईंनी) लांबूनच निदान केलं, "धोंडशीर धरलीय. निर्गुडीचा पाला बांध." बांधला, शेकायला छान वाटतं, वासही छान.

९ ऑक्टोबर

फिजिओ मॅडमकडे जाऊन आले. त्यांनी आधी पायाला हातच लावला नाही, अर्धा तास नुसते प्रश्न. किती पळता, कुठे पळता, शूज कधी बदलले, दुकानात पायात काय असतं. मग एका पायावर उभं राहून टाच उचलायला लावली. डाव्याने पंचवीस सहज, उजव्याने नवव्याला थांबले, दुखलं म्हणून नाही, ताकदच संपली.

निदान अकिलीस टेंडिनोपथी, म्हणजे टाचेच्या शिरेचं दुखणं, शिरेच्या मधल्या भागातलं. मॅडमनी सांगितलेलं माझ्या शब्दांत: ही शीर म्हणजे पोटरीचे दोन स्नायू टाचेला बांधणारा दोर, शरीरातली सगळ्यात जाड शीर, आणि पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या कितीतरी पट ओढ सहन करते. चढावर टाच खाली जाते, शीर जास्त ताणली जाते. चार महिने घाट, लगेच वर किलोमीटर वाढले, आणि त्यात नवीन शूज ज्यांची टाच आणि पंजा यांच्या उंचीतला फरक ४ मिमी, आधीच्यांचा १० होता. तिन्ही एकाच महिन्यात. शिरेला नवीन काम अंगवळणी पडायला महिने लागतात, स्नायूंना आठवडे पुरतात, म्हणून पायात दम असतो आणि शीर मागे राहते.

मी विचारलं, किती दिवस रेस्ट? तर म्हणाल्या, "ताई, रेस्टने दुखणं जाईल, शीर सुधारणार नाही. परत पळायला लागलात की परत तेच. हिला काम द्यायचंय, पण मोजून."

तीन आठवडे पळणं बंद. घाट बंद, उताराचे रस्ते बंद. शूजमध्ये टाचेखाली पॅड. दुकानात सपाट चप्पल बंद.

१२ ऑक्टोबर, दसरा

आज लाँग रनचा दिवस केला असता. शस्त्रपूजेला शूज ठेवले, नवऱ्याने फोटो काढून ग्रुपवर टाकला, त्यावर अठरा सल्ले. एरंडेल चोळ, कोलॅजन घे, टेप लाव, बर्फ लाव, बर्फ अजिबात लावू नको, एका इंजेक्शनात मोकळी होशील.

इंजेक्शनचं तेवढं लिहून ठेवते, कारण हे काउंटरवर पण लोक विचारतात. स्टेरॉइडचं इंजेक्शन या शिरेच्या आसपास दिलं तर दुखणं थांबतं हे खरं, पण शीर कमकुवत होऊन तुटायची भीती असते. तुटली की ऑपरेशन नाहीतर प्लास्टर, आणि वर्ष गेलं.

१६ ऑक्टोबर

व्यायामाचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं. दोन्ही पायांवर टाच उचलणं, तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली, १५ चे तीन सेट. मग तेच खुर्चीत बसून, गुडघ्यावर वजन ठेवून, कारण गुडघा वाकवला की पोटरीचा आतला स्नायू काम करतो आणि लांब पळण्यात खरा भार त्याच्यावर असतो. वजन म्हणून सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या पिशवीत भरल्या, दहा बाटल्या म्हणजे साधारण पाच किलो. एक्सपायरी झालेल्या आहेत, कुणी काळजी करू नये.

हे व्यायाम इतके बोअर आहेत की सांगता सोय नाही. पळताना निदान रस्ता तरी पुढे सरकतो.

२१ ऑक्टोबर

मॅडमचा नियम, हाच आता प्रकल्पाचा कायदा: व्यायाम करताना दुखणं दहापैकी पाचच्या आत असेल तर चालेल, थांबायची गरज नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते होतं तिथे परत आलं पाहिजे. सकाळी वाढलेलं दिसलं तर आदल्या दिवशीचं काम जास्त झालं, तेवढं कमी करायचं.

म्हणजे निकाल लगेच लागत नाही, चोवीस तासांनी लागतो. आणि माझ्याकडे जिना आहेच. रोज सकाळी उठल्या उठल्या पहिल्या पाच पायऱ्यांना दुखण्याचे दहापैकी मार्क द्यायचे.

७ ऑक्टोबरचे सात म्हणू. आज पाच.

२६ ऑक्टोबर

तलावात पळतेय. कमरेला फोमचा पट्टा बांधून खोल पाण्यात उभं राहायचं आणि पाय जमिनीला न टेकवता पळायची ॲक्शन करायची. दम लागतो, शिरेवर भार नाही. लेडीज बॅच दुपारी असते त्यामुळे दुकान नवऱ्यावर सोडून जावं लागतं आणि परत आल्यावर ड्रॉवरमधली अर्धी औषधं भलत्याच खणात. पोहायला शिकणाऱ्या पोरी काठावरून बघतात, एकीने विचारलंच, "काकू, तुम्ही बुडताय का?"

पाऊण तास झाला. पाण्यात घाम येतो हे मला नवीन होतं.

जिना: चार.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

दिवाळीने वाट लावली. फराळ म्हणजे तासन्‌तास ओट्याशी उभं राहणं, अनवाणी, गार फरशीवर. चकल्या झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी जिना परत सहा. पळण्याने बिघडलं असतं तर निदान अभिमान तरी वाटला असता.

आता स्वयंपाकघरात पण पॅड घातलेले जुने शूज. आत्यांना पटलेलं नाही, पण बोलल्या नाहीत. शूज धुऊन वेगळे ठेवलेत हे त्यांनी बघितलं असावं.

७ नोव्हेंबर

क्रीडा संकुलाच्या ट्रॅकवर पहिलं पळणं. एक मिनिट पळ, एक मिनिट चाल, असं वीस मिनिटं. दुखणं दोन. शाळेतली पोरं शेजारून सुसाट जात होती.

८ नोव्हेंबर

जिना: चार. होता तिथेच. म्हणजे पास.

१२ नोव्हेंबर

वाचलेली एक गोष्ट लिहून ठेवते, मला फार आवडली. स्वीडनमधले हाड-शिरांचे सर्जन होकान आल्फ्रेडसन यांना स्वतःलाच हे दुखणं होतं. त्यांनी आपल्या बॉसला ऑपरेशन करा म्हटलं, बॉस नाही म्हणाला, एवढी रजा कोण देणार. मग यांनी ठरवलं की शीर एकदाची तुटूच दे, मग ऑपरेशन करावंच लागेल, आणि दुखत असतानाच पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली सोडायचे दणकून व्यायाम चालू केले. शीर तुटली नाही, दुखणंच गेलं. पुढे पेशंटवर करून बघितलं आणि १९९८ मध्ये त्यावर पेपर आला, बारा आठवडे, दिवसातून दोनदा. आज जगभरात फिजिओ जे देतात त्याचं मूळ तिथे आहे.

मात्र पायरीवरून टाच खाली सोडणं हे मधल्या भागातल्या दुखण्यासाठी. टाचेच्या हाडालाच चिकटलेल्या जागी दुखत असेल तर खाली सोडल्याने शीर हाडावर दाबली जाते आणि वाढतं, त्यांनी सपाट जमिनीवरच करायचं. ग्रुपवर व्हिडिओ फिरवणारे हे सांगत नाहीत.

१९ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न झालं, माणसांची सुरू झाली. परवाच्या जेवणाने पोट बिघडलं. कालपासून जुलाब, ताप नाही, रक्त नाही. संध्याकाळी शेजारच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी चिठ्ठीवर ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल लिहिलं. आमच्याकडे जुलाब म्हटले की हे ठरलेलंच, दिवसाला कितीतरी स्ट्रिपा माझ्याच हाताने जातात.

मी चिठ्ठी घेऊन दुकानात आले, ड्रॉवर उघडला, स्ट्रिप हातात घेतली आणि तशीच उभी राहिले. ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, हे सगळं एकच खानदान, आणि या खानदानाच्या गोळ्यांनी शिरा दुखावतात, क्वचित तुटतात, त्यातही सगळ्यात जास्त हीच टाचेची शीर. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २००८ मध्ये या औषधांवर सगळ्यात कडक प्रकारची वॉर्निंग छापायला लावली. साठीच्या वरचे आणि स्टेरॉइड घेणारे यांना धोका जास्त. मी दोन्हीत बसत नाही, पण आधीच दुखावलेली शीर घेऊन फिरतेय.

डॉक्टरांना फोन केला. "सर, माझी अकिलीस धरलीय, फिजिओ चालू आहे, हे घेऊ का?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बरं झालं विचारलंत, नको घेऊ. ताप नाही ना? मग ओआरएस आणि दही-भात, दोन दिवस बघू." चांगले आहेत, राग नाही धरला.

पळणाऱ्या सगळ्यांना सांगायचंय की डॉक्टरकडे कशासाठीही गेलात, दातासाठी, लघवीच्या जळजळीसाठी, तरी टाचेच्या शिरेचं दुखणं चालू आहे हे सांगा. त्यांना अंतर्ज्ञान नसतं. आणि लिहून दिलेली गोळी मनाने बंद पण करू नका, विचारा, दुसरी असते.

उद्या मतदान. रांगेत उभं राहायचं आहे आणि पोट असं.

२४ नोव्हेंबर

आठ किमी सलग, हायवेच्या सर्व्हिस रोडला. दुखणं तीन, पुढच्या दिवशी जिना तीन. (हे सोमवारी लिहून जोडलं.)

१ डिसेंबर

बारा किमी, तीन मिनिटं पळ, एक मिनिट चाल. साडेचार तासांचं टार्गेट खोडलं. नवीन टार्गेट लिहिलेलं नाही.

४ डिसेंबर

माण तालुक्यातल्या एक आजी बीपीच्या गोळ्या न्यायला येतात. काउंटरच्या आत मला टाचा वर-खाली करताना बघून विचारलं, हे काय. सांगितलं. तर म्हणाल्या, "आमच्या मोहीच्या ललिताला बघ की. कुठं हुता तिला रस्ता न् ग्राउंड." ललिता बाबर, मुंबई मॅरेथॉनला भारतीय महिलांत हॅटट्रिक, २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या शर्यतीची) फायनल. मी म्हटलं, आजी, ती ललिता बाबर आहे हो. तर त्या म्हणाल्या, "मग तू कोण हायेस?" आणि पाच रुपये सुट्टे मागितले.

८ डिसेंबर

सोळा झाले, पण शेवटचे दोन किमी घरी यायला चढच. रिक्षा मिळाली नाही, पाणी संपलेलं, सावकाश पळत आले. पळताना दुखणं तीनच होतं, एकदम छान वाटत होतं.

९ डिसेंबर

जिना: सहा.

मॅडमना फोन. त्या शांत. "किती दिवसांत परत चारवर येतं ते बघा. दोन दिवसांत आलं तर शीर चिडलीय फक्त. आठवडा लागला तर मागे जायचं." पळणं थांबवलं, व्यायाम चालू ठेवले, फक्त पिशवीतल्या बाटल्या निम्म्या केल्या. पूर्ण थांबायचं नाही हे आता अंगात मुरलंय.

११ डिसेंबर

जिना: चार. इथून पुढे लाँग रनला गाडी सपाटीला नेऊन लावायची आणि गाडीपाशीच संपवायचं.

२२ डिसेंबर

अठ्ठावीस किमी. पहाटे साडेपाचला सुरुवात, हातमोजे, कानटोपी, कोरेगाव रोडला उसाच्या गाड्यांची रांग. आता गळीत हंगाम, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला सांडतात आणि उसाच्या कांड्यावर पाय पडला की घोटा मुरगळणारच. टॉर्च लावूनच पळायचं. नवरा मोटरसायकलवर मागे पाणी घेऊन, त्याचे दात वाजत होते ते मला ऐकू येत होते.

दुखणं चोविसाव्या किमीला चार, तिथून तसंच राहिलं. यापुढे लांब नाही. रेसला याच्यावर चौदा किमी जास्त आहेत, ते कसे होतील ते होतील. प्लॅनमध्ये बत्तीस होते, मॅडमनी नाही म्हटलं आणि मला पटलं, शेवटच्या चार किमीने शरीराला जे मिळायचं त्याहून शिरेचं जास्त गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी जिना चार. तिसऱ्या दिवशी तीन.

२ जानेवारी २०२५

रेसचा प्लॅन, कागदावर:

चार मिनिटं पळ, एक मिनिट चाल, पहिल्या किमीपासून, दमल्यावर नाही. केम्प्स कॉर्नर-पेडर रोडचा चढ दोनदा येतो, जाताना आणि पस्तिशीनंतर परत येताना, दोन्ही वेळा चालायचं, कुणी काही म्हणो. शूज जुनेच, १० मिमीवाले, पॅडसकट. दुखणं सहा झालं आणि पाच मिनिटं चालूनही उतरलं नाही तर थांबायचं. नवऱ्याला हे शेवटचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं, त्याने कागदाचा फोटो काढून ठेवलाय.

पेनकिलर घ्यायची नाही. रेसच्या सकाळी डायक्लोफिनॅक नाहीतर आयबुप्रोफेन टाकून धावणारे खूप आहेत, मला दुकानात विचारतात. एक तर दुखण्याचा मीटरच बंद होतो, दुसरं म्हणजे घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात या गोळ्या किडनीला जड जातात. मी विकते म्हणून सांगतेय.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ. पाच किमी हलके. जिना: दोन.

१८ जानेवारी

कोयना एक्सप्रेसने काल आलो, गिरगावात मावसबहिणीकडे. तिच्याकडे लिफ्ट नाही, तीन मजले, लाकडी जिना. आज सकाळी मार्क द्यायला पायऱ्याच पायऱ्या. दोन. बीकेसीला जाऊन बिब (छातीवर लावायचा रेसचा नंबर) आणलं, आता पाय वर करून बसलेय. मावसबहीण दर तासाला काहीतरी खायला आणतेय.

१९ जानेवारी, रात्री

झाली. पाच तास एकवीस.

पहाटे पाचला सीएसएमटीहून सुटली. साताऱ्याच्या थंडीतून आल्यावर मुंबईची हवा दमट, पंधरा मिनिटांत टीशर्ट चिकटला. मरीन ड्राइव्ह अंधारात, दुखणं एक. पेडर रोडला चालायला लागले तर मागून एकजण "चलो दीदी, अभी तो शुरू हुआ है" म्हणत गेला, हसले, चालत राहिले. सी लिंकवर उजाडलं, तिथे वारा आणि सगळे सेल्फी काढायला मध्येच थांबतात, धडका चुकवत पळावं लागतं.

शिवाजी पार्कच्या आसपास दुखणं चार. लोक रस्त्यावर येऊन संत्र्याच्या फोडी, मीठ, चिक्की देत होते, एका काकांनी स्प्रे मारून देऊ का विचारलं, नको म्हटलं. पस्तिसाव्याच्या पुढे पाच. म्हणजे रेषेवर. पाच मिनिटं चालले, चारवर आलं, मग प्लॅन बदलून दोन मिनिटं पळ, एक चाल. दुसरा पेडर रोड चालतच, पण यावेळी माझ्या आजूबाजूला सगळेच चालत होते, मघाचा तो दीदीवाला पण. तो मांडी धरून होता. त्याला मीठ दिलं.

शेवटी मरीन ड्राइव्हचं ऊन. त्याबद्दल काही लिहीत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहितीये.

२० जानेवारी

गिरगावचा जिना: पाच. पण मांड्यांचे आठ, त्यामुळे टाचेचं नीट कळतच नाहीये. उतरताना उलटं उतरले.

२३ जानेवारी

घरचा जिना: तीन. चौथ्या दिवशी उतरलं, मॅडम म्हणाल्या ठीक आहे, एवढ्या कामाला एवढं लागणारच. शिरेची गाठ हाताला अजून लागते, ती राहू शकते म्हणे, दुखत नसेल तर तिच्या मागे लागायचं नाही.

२७ जानेवारी

व्यायाम परत चालू, आता एका पायावर, पिशवीत सोळा बाटल्या. उजव्याने एकोणीस झाले, डाव्याने अठ्ठावीस. पंचवीस होईपर्यंत वेग वाढवायचा नाही. घाट मार्चअखेरपर्यंत बंद, एप्रिलमध्ये समर्थ मंदिरापासून पहिल्या वळणापर्यंत चालत जायचं, दुसऱ्या दिवशी जिना बघायचा, मग पुढचं वळण. ४ मिमीवाले शूज भाचीला दिले, ती बॅडमिंटन खेळते, तिला बरोबर बसले.